एअरबॅगचा दिवा विझवण्याचे ‘घरगुती उपाय’ करू नका

सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून राहिला तर घाबरू नका, तो बहुधा खोटाच असतो. बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने केलेली बिघाडाची नोंद) जातो. नाही गेला तर सीटखालचा पिवळा कपलर (वायरी जोडणारा प्लग) हलवा. तरीही नाही भागलं तर एअरबॅगला मीटर लावून बघा, आणि ती खराब निघाली तर तिच्या जागी दोन ओहमचा रेझिस्टर (करंटला ठरावीक विरोध करणारा छोटा भाग) टाका. गाड्यांच्या वायरिंगचं काम मी रोज करतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

‘दिवा खोटा असतो’ इथपासूनच चूक सुरू होते. इग्निशन चालू केलं की हा दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. तेवढ्यात कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे एअरबॅग सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, स्वतःला तपासतं आणि प्रत्येक एअरबॅगच्या सर्किटमधून अगदी थोडा करंट सोडून त्याचा रेझिस्टन्स मोजतं. गाडी चालू असेपर्यंत ही तपासणी थांबत नाही. दिवा विझला नाही, म्हणजे यातलं काहीतरी जुळलेलं नाही. अशा वेळी मॉड्यूल ते सर्किट, कित्येक गाड्यांत तर सगळी यंत्रणाच, बंद ठेवू शकतं. सीटबेल्ट आवळणारा प्रीटेन्शनरही सहसा याच मॉड्यूलवर चालतो, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

बॅटरीच्या वायरीचं म्हणाल, तर बहुतेक मॉड्यूलमध्ये फॉल्ट कोड अशा मेमरीत राहतो की बॅटरी काढली तरी तो पुसला जात नाही. आणि समजा गेला, तरी बिघाड जागेवरच आहे, पुढच्या तपासणीत दिवा पुन्हा लागणार. बॅटरी पार उतरल्यामुळे व्होल्टेज कमी असल्याचा कोड बसतो, हे मात्र खरं. तिथेही आधी बॅटरी नीट करायची आणि मग कोड स्कॅनरने काढायचा. फक्त इंजिनचे कोड वाचणारा स्वस्त स्कॅनर इथे कामाचा नाही, एअरबॅगच्या मॉड्यूलशी बोलणारा लागतो.

सीटखालच्या कपलरची गोष्ट अर्धी खरी आहे. सीट मागेपुढे करून तिथली वायर ओढली जाते, कपलर सैल होतो. पण या कपलरमध्ये एक बारीक पत्री असते. कपलर सुटला की ती एअरबॅगकडच्या दोन्ही पिना एकमेकींना जोडते, म्हणजे स्थिर विजेच्या ठिणगीने एअरबॅग उडू नये. कपलर पूर्ण बसला नाही तर पत्री तशीच चिकटून राहते आणि मॉड्यूलला शॉर्ट दिसतो. म्हणून हलवून सोडून देणं चालत नाही. कपलर उघडायचा, पिना बघायच्या, खटका पक्का बसवायचा. आणि हे इग्निशन चालू ठेवून तर मुळीच नाही. बॅटरी सोडल्यावरसुद्धा मॉड्यूलच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, कारण धडकेत बॅटरीच तुटली तरी एअरबॅग उघडावी अशी ती सोय आहे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबायचंच.

मीटर लावायचा सल्ला सगळ्यात घातक. ओहम मोजताना मीटर स्वतःचा करंट सोडतो, आणि एअरबॅग पेटवणाऱ्या स्क्विबला करंटच लागतो. तोंडापुढे एअरबॅग ठेवून तिला मीटर लावणारे मी पाहिलेत, अंगावर काटा येतो. तपासायची रीत वेगळी आहे. एअरबॅग सोडवायची, तिच्या जागी दोन ओहमच्या आसपासचा डमी लोड, म्हणजे तात्पुरता रेझिस्टर, लावायचा, कोड काढायचा. कोड परत आला नाही तर एअरबॅग किंवा तिचा कपलर संशयित. आला तर वायरिंग, क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगपर्यंत वायरी नेणारा भाग) किंवा मॉड्यूलकडे बघायचं. म्हणजे मेसेजमधला रेझिस्टर खरा आहे, पण तो तपासणीपुरता. तोच आत ठेवून दिला, तर मॉड्यूल समजतं की एअरबॅग जोडलेली आहे.

एकदा एक जुनी घेतलेली गाडी आली. तक्रार एवढीच की हॉर्न वाजत नाही. एअरबॅगचा दिवा अगदी शहाण्यासारखा लागून विझत होता. हॉर्न आणि ड्रायव्हरची एअरबॅग, दोन्हींच्या वायरी स्टिअरिंगमागच्या क्लॉक स्प्रिंगमधून जातात. आत चपटी रिबन गुंडाळलेली असते, स्टिअरिंग फिरेल तशी उलगडते आणि गुंडाळली जाते. रिबन तुटली तर दोन्ही जायला हवेत, मग दिवा का नाही? स्टिअरिंगच्या दांड्याखालचं कव्हर काढलं, तर एअरबॅगच्या दोन पिवळ्या वायरी क्लॉक स्प्रिंगच्या अलीकडे कापलेल्या, काळी टेप गुंडाळलेली, आणि टेपखाली रेझिस्टर. आधीच्या कुणीतरी दिवा विझवून गाडी विकली होती. मालक लहान मुलांना घेऊन ती गाडी चालवत होता. एअरबॅग स्वतः चांगली होती, तिच्यापर्यंत वायरच पोचत नव्हती.

रेझिस्टर काढला, वायरिंग नीट केलं, चाकं सरळ ठेवून नवी क्लॉक स्प्रिंग मधोमध जुळवून बसवली. ती चुकीच्या जागी बसली तर पूर्ण वळणात रिबन तुटू शकते. कोड काढले. मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवलं, सीट मागेपुढे केली, इग्निशन तीनदा बंद-चालू केलं. दिवा दर वेळी लागला आणि विझला, आणि हॉर्नही वाजला.