आठवड्यातून चार दिवस लॅटिन

२०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारनं पहिलीपासून हिंदी सक्तीची केली, जूनमध्ये सक्ती जराशी सैल केली आणि जूनअखेर सगळंच मागे घेतलं. तेवढ्या काळात आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर जे रण माजलं, ते वाडीच्या वाटणीच्या वेळीही माजलं नव्हतं. वसईत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारा माझा चुलतभाऊ सगळ्यांच्या पुढे. सहा वर्षांच्या पोरावर तीन भाषा लादणं म्हणजे छळ, हा त्याचा मुद्दा. सक्ती नको, इथवर मी त्याच्याच बाजूची. पण मग गाडी माझ्याकडे वळली. “ताई, तू तर पोरांना घरात कोंडून लॅटिन घोकायला लावतेस. तुझं काय?”

हे मला झोंबलं. हा गडी घरी कादोडी ही आमची वसईची बोली, शाळेत प्रमाण मराठी, पाचवीपासून हिंदी-इंग्रजी असा वाढला. त्याचा कुणी छळ केल्याचं मला तरी आठवत नाही.

आम्ही अमेरिकेत, टेक्सासातल्या केटीत राहतो. मुलं आठवीत, पाचवीत आणि दुसरीत. शाळेत कुणीच जात नाही. टेक्सासात त्यासाठी परवानगी लागत नाही. १९९४ साली इथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं घरची शाळा ही खासगी शाळाच मानली. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकशास्त्र प्रामाणिकपणे शिकवा, बाकी तुमचं तुम्ही बघा. तपासणी नाही, परीक्षा नाही. भाऊ रात्री बसून ऑनलाइन माहिती भरत असतो, तेव्हा मी हे त्याला मुद्दाम सांगते.

आम्ही शिकवतो ती क्लासिकल पद्धत, म्हणजे लॅटिन, तर्कशास्त्र आणि जुने ग्रंथ यांच्यावर उभी. तिच्यात आराखडा बारावीपासून मागे मागे येतो. अठराव्या वर्षी मुलाला ऑगस्टीन आणि थॉमस अक्वायनस हे जुने ख्रिस्ती विचारवंत वाचता यावेत, त्यांच्याशी वादही घालता यावा, एवढं ठरलं की मग नववीला ग्रीस, दहावीला रोम आणि आरंभीची चर्च, अकरावीला मध्ययुग. त्याआधी सातवी-आठवीला तर्कशास्त्र, तिसरी-चौथीला लॅटिनची सुरुवात, आणि पहिली-दुसरीला अक्षर, अंक आणि भरपूर पाठांतर. डोरोथी सेयर्स या इंग्रज बाईंनी १९४७ साली ऑक्सफर्डला हेच मांडलं होतं: लहान मूल पोपटपंचीत रमतं, बारा-तेराव्या वर्षी उलट उत्तरं देतं, पुढे स्वतःचं काही मांडू बघतं, मग ज्या वयात जे आवडतं तेच कामाला लावा. आम्ही कॅथलिक, तेव्हा धाकटी सध्या बाल्टिमोर कॅटेकिझम या धर्मशिक्षणाच्या पुस्तकातली प्रश्नोत्तरं म्हणते. पुस्तक १८८५ चं, पण तिला त्याचं काही नाही. ती भांडी लावतानासुद्धा म्हणते.

तिघांची तीन वेळापत्रकं केली तर आई ऑक्टोबरातच आडवी होते. म्हणून इतिहास, विज्ञान आणि संतचरित्रं तिघांना एकत्र. गणित आणि लॅटिन ज्याचं त्याचं. मी चपात्या लाटत असते आणि मधला ओट्यापाशी उभा राहून ‘पुएल्ला, पुएल्ले, पुएल्ले, पुएल्लाम, पुएल्ला’ अशी ‘मुलगी’ची लॅटिन रूपं म्हणतो. चौथ्या रूपावर अडायचा. शेवटी त्याला मराठी शाळेतलं ‘स-ला-ते, स-ला-ना-ते’ शिकवलं. मुलगी, मुलीला. झालं, द्वितीया डोक्यात बसली. जिचं एवढं ओझं होतं म्हणतात, त्या भाषेनंच दुसऱ्या भाषेचं काम हलकं केलं.

तिकडच्या वादात मला हेच खटकतं. कोणती भाषा कितवीपासून, यावर मोर्चे. पण त्या भाषेत पोरानं शेवटी वाचायचं काय? दहावीतून बाहेर पडताना कोणत्या ओव्या तोंडात हव्यात, कोणतं गद्य पचलेलं हवं, यावर आमच्या ग्रुपवर एक ओळ नाही. भाऊ म्हणतो, “माझ्या वर्गात निम्म्यांच्या घरी मराठी नाही, आणि तू मला ओव्या सांगतेस?” त्याचं खरं आहे. माझ्या वर्गात तीन मुलं आहेत आणि नवऱ्याचा पगार आहे. वाद घालताना हे मी सोयीनं बाजूला ठेवते.

शुक्रवारी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये को-ऑप असतं, म्हणजे घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचा एकत्र वर्ग. तिथं नवीन आलेली एखादी आई हमखास विचारते, तुम्ही धर्म कधी बदललात? मी गोड हसून सांगते की आमच्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात नागासाकीला क्रुसावर मेला आणि तुमची इथली पहिली टिकलेली इंग्रज वसाहत, जेम्सटाउन, १६०७ ची. ऑल सेंट्स या संतांच्या सणाला थोरल्याला त्याचाच तपकिरी झगा शिवला होता. पुण्यात कॉलेजला असताना हाच प्रश्न शुद्ध मराठीत यायचा, आणि वर “तुमचं मराठी किती छान!” तिथं मला हसता यायचं नाही.

चर्चमधली मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, लॅटिनमध्ये व्हायची त्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेआधीच्या काळात आजी तिला लॅटिन उत्तरं बिनचूक द्यायची, अर्थ एकाचाही ठाऊक नसताना. मुलांना लॅटिन शिकवताना आजीचं नाव मी बरेचदा पुढे करते. पण खरं कारण मला ठाऊक आहे. लॅटिन आलं की माझी पोरं त्या हॉलमध्ये कुणाला काही समजावून सांगायला बांधील राहत नाहीत. मराठी आलं की राहतात.

थोरला मराठी ऐकून समजतो, देवनागरी अडखळत वाचतो. त्याच्या नववीसाठी महाकाव्यं निवडताना होमरशेजारी मी फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण लिहून ठेवलं आहे. इंग्लंडात जन्मलेल्या जेझुइट धर्मगुरूनं गोव्यात लिहिलेल्या जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्या. १६१६ साली राचोलला छापल्या तेव्हा देवनागरी खिळे नव्हते म्हणून रोमी अक्षरांत. माझ्या पोराच्या सोयीचंच काम. परवा त्यानं रोमीतून पानभर वाचून दाखवलं, उच्चार टेक्सासचे. निम्मे शब्द मलाच अडले.

ऑगस्टपासून धाकटी तिसरीत जाईल. सकाळची वीस मिनिटं तेवढी मोकळी आहेत. सोमवार ते गुरुवार लॅटिन लिहिलं आहे. देवनागरी शुक्रवारी, को-ऑपला जाताना गाडीत.