त्या आजींचा चेहरा आता कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे?

आज एका धरण्याचा व्हिडिओ आला आणि डोकंच फिरलं. परवानगी काढून, रस्ता मोकळा ठेवून सतरंजीवर बसलेली माणसं. एक पोलीस मोबाइल धरून रांगेपुढून चाललाय, प्रत्येक चेहऱ्यापाशी दोन सेकंद थांबतोय. एका आजींनी तोंडावर पदर ओढला, तर तो खाली घ्यायला लावला. आणि आजींनी घेतला हो!

कशाला हवा होता तो चेहरा? आयोजकांची नावं, पत्ते, नंबर परवानगीच्या अर्जातच असतात. हमीपत्र घेतलेलं असतं. गुन्हा घडू नये म्हणून पोलीस देतात ती बीएनएसएस कायद्याच्या कलम 168ची (जुन्या सीआरपीसीतलं 149) नोटीस आदल्या रात्री घरी आलेली असते. गोपनीय शाखेचा माणूस साध्या वेशात कोपऱ्यात उभा असतोच.

दगडफेक झाली तर पुरावा लागतो, बरं, मान्य. पण दगडच पडला नाही, तर ते शूटिंग पुसायचं कधी? फोन टॅप करायला एरवी गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो, 60 दिवसांचा, वाढवून जास्तीत जास्त 180. नको असलेल्या नोंदी दर सहा महिन्यांनी नष्ट करायच्या, असा नियम तरी आहे. चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेसाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही.

दिल्ली पोलिसांनी 2018 मध्ये ते सॉफ्टवेअर घेतलं हरवलेली मुलं शोधायला. 2020च्या दंगलीनंतर गृहमंत्र्यांनीच संसदेत सांगितलं, मतदार ओळखपत्रं आणि लायसन्सचा डेटा त्यात घालून 1,100हून जास्त लोक ओळखले. मतदार ओळखपत्राचा फोटो यासाठी दिला होता का आपण? आणि 80 टक्के जुळलं की ओळख पटली, असं माहिती अधिकारातलं दिल्ली पोलिसांचं उत्तर. हलत्या हातानं, उन्हात, तिरका घेतलेला आजींचा चेहरा आणखी किती आजींशी जुळेल!

त्या पोलिसावर राग नाही. वरून सांगितलं असेल, त्याने केलं. पण फोन त्याचा स्वतःचा असेल तर? मग क्लिप त्याच्या गॅलरीत, बॅकअपमध्ये, ठाण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये. उद्या पुसायचा हुकूम आला तरी कुठून कुठून पुसणार?

टॉवर डम्प, म्हणजे मोबाइल टॉवरच्या नोंदींची पोलिसांनी कंपनीकडून मागवलेली यादी, तर आंधळाच. धरण्याच्या त्या दोन तासांत टॉवरला लागलेले सगळे नंबर त्यात येतात. धरण्यातले, शेजारच्या इमारतीतले, बसमधून गेलेलेसुद्धा.

उद्या बसणार असाल तर फोन घरूनच बंद करून निघा. तिथे पोचून बंद केलात तर शेवटची नोंद त्याच टॉवरची राहते. बोटाचं आणि चेहऱ्याचं लॉक काढून लांब पिन ठेवा. नोटीस आली तर पूर्ण वाचा, सहीच्या वर "हरकत नोंदवून स्वीकारली" लिहा, खाली तारीख-वेळ टाका, प्रत मागून घ्या.

आणि फोटो आपण टाकतो तेव्हा? चेहरे नुसते धूसर करू नका, त्यावरूनही ओळख काढता येते. सरळ काळा चौकोन लावा आणि त्या चित्राचा स्क्रीनशॉट टाका, म्हणजे मूळ फोटोतलं लोकेशनही त्यासोबत पुढे जात नाही.

तो व्हिडिओ इथे टाकत नाहीये. आजी स्पष्ट दिसतात त्यात.