ट्रंकेवर नाव होतं

गेल्या महिन्यात आईला घेऊन गिरणगावावरचं छायाचित्रांचं प्रदर्शन बघायला गेले होते. संग्रहालय कुठलं ते सांगत नाही, कारण मला जे खटकलं ते एकाच ठिकाणी घडतं असं नाही. आईचं वय 74. माझी आजी लालबागला गिरणी कामगारांची खानावळ चालवायची आणि शाळेतून आलं की भाकऱ्या थापायचं काम आईकडे असायचं.

एका फोटोपुढे ती थांबली ती हलेचना. कामगारांचा गाळा. भिंतीला लागून ट्रंका, त्यांवर वळकट्या, दोरीवर सदरे, कोपऱ्यात स्टो. खाली इंग्रजीत एवढंच, की हे मुंबईतले अज्ञात स्थलांतरित कामगार. मी ते तिला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "अज्ञात कसे? ट्रंकेवर लिहिलंय की."

खरंच लिहिलं होतं. पांढऱ्या ऑइलपेंटने नाव, मु. पो., ता. पाटण, जि. सातारा. फोटो काढणाऱ्याला ते दिसलं असेल, निवडणाऱ्यांनाही दिसलं असेल. वाचलं मात्र कुणी नाही.

मग आई बोलायला लागली. एका गाळ्यात वीस-पंचवीस माणसं कशी मावायची? पाळ्यांमुळे. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीचा उठून जायचा, जागा तीच. खानावळीचा हिशेब पगाराच्या पगाराला. आजूबाजूला सात-आठ जण जमले. दालनातल्या कुठल्याही फलकावर यातलं काही नव्हतं.

ही सवय जुनी आहे. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने 1863 आणि 1866 साली मुंबईच्या लोकांच्या फोटोंचे दोन खंड लंडनहून काढले. माणसांचे फोटो स्टुडिओत घ्यायचे आणि मागे शहरातल्या एखाद्या ठिकाणाचा वेगळा फोटो जोडायचा, अशी त्याची पद्धत. खाली जातीचं, पंथाचं नाव. माणसाची जागासुद्धा त्याची स्वतःची नाही! आणि याच मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. भायखळ्याच्या संग्रहालयाला ज्यांचं नाव आहे त्या डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सदस्य आणि स्वतः उत्तम छायाचित्रकार. म्हणजे कॅमेरा आपल्या हातात फार लवकर आला. फलक लिहिण्याची रीत मात्र साहेबाचीच राहिली.

सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे काढलेले फोटो मला म्हणूनच महत्त्वाचे वाटतात. ते कामगारांमागे गटारापर्यंत गेले, तसे त्यांच्या घरातही गेले. त्या फोटोंत माणूस नुसता घाणीसोबत दिसत नाही, बायकामुलांत दिसतो. समाजावरचं प्रदर्शन लावणाऱ्यांकडून माझी एवढीच अपेक्षा आहे. फोटो भिंतीवर जाण्याआधी तो त्या वस्तीत घेऊन जा, विचारा, आणि जे कळेल ते मराठीत, ठळक अक्षरात लिहा.

हे होऊ शकतं. केपटाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग 1966 साली फक्त गोऱ्यांसाठी राखीव ठरवला गेला आणि पुढे साठ हजारांवर माणसांना तिथून हाकललं. 1994 मध्ये तिथे संग्रहालय झालं. त्याच्या जमिनीवर जुन्या वस्तीचा मोठा नकाशा आहे आणि हाकललेल्या लोकांनी आपापलं घर कुठे होतं ते त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं आहे.

आपल्याकडे वेळ कमी आहे. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, त्यांतले तेव्हाचे तरुणही आज साठीच्या पुढे आहेत. त्यांना जेवू घालणाऱ्या बायका तर त्याहून थकल्या आहेत.

निघताना दाराशी अभिप्रायाची वही होती. आईला आता लिहिताना हात कापतो, म्हणून तिने सांगितलं आणि मी लिहिलं. आधी ट्रंकेवरचं नाव आणि पत्ता, जसाच्या तसा. मग पुढची ओळ: "कोपऱ्यातला स्टो स्वयंपाकाचा नाही, जेवण खानावळीत असायचं. गाळ्यात कुणी आजारी पडलं तर पेज करायला तो ठेवलेला असे."