सड्यावर खड्डा मारण्याआधी मातीत एक पट्टी खुपसून बघा

पाऊस सुरू झाला की वृक्षारोपणवाल्यांची नजर सड्यांकडे, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांकडे वळते. मे महिन्यात जांभ्याचा कातळ काळाठिक्कर पडलेला, गवत करपलेलं, आणि कागदोपत्री जमीन 'पडीक'. मग दीड फुटाचे खड्डे, ट्रॉलीभर माती, रांगेत रोपं, फोटो. हेतू चांगलाच असतो, पण हे थांबायला हवं.

जुलैत साधी स्टीलची पट्टी घेऊन सड्यावर फिरा. उघड्या कातळावर माती नाहीच, खोलगट जागी दोन-चार सेंटीमीटर, कडेच्या उतारावर वीतभर. पावसाळ्यात इथे उमलणाऱ्या रानफुलांची सगळी वाटणी या फरकावर होते. पाणी झिरपत राहणाऱ्या उथळ मातीत गेंदाची पांढरी बटणं आणि त्यांच्यात मिसळलेली सीतेची आसवं. थोडी खोल, निचऱ्याची माती मिळाली की सोनकी. ओलसर कडेला कवला. सीतेच्या आसवांचं एक रोप जवळून बघा: मातीतल्या तंतूंना टाचणीच्या टोकाएवढे फुगे असतात, त्यात सूक्ष्म जीव ओढले जातात. मातीत नायट्रोजनची वानवा, म्हणून ही शिकार.

आता इथे शेणखत घातलं तर? माती कसदार होते, उंच गवत फोफावतं आणि बोटभर उंचीचा गेंद सावलीत संपतो. खड्ड्यामुळे कातळावरून पसरत जाणारं पाणी एका जागी अडतं आणि खालचा पट्टा लवकर सुकतो. बाहेरच्या मातीतून गाजरगवत येतं ते वेगळंच. मुळं जांभ्याला टेकली की बरीच रोपं उन्हाळ्यात मरतात. जगतात ती ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा गिरिपुष्प, आणि ही दोन्ही झाडं नायट्रोजन स्थिर करणारी! म्हणजे जो कस इथे नकोच, तोच दरवर्षी पाल्यातून मातीत जाणार.

कुंपण घालून गुरं पूर्ण बंद करणं हाही उपाय नव्हे. कास पठारावर यावरूनच वाद झाला. गुरं उंच गवत खातात, म्हणून बुटक्या फुलांना ऊन मिळतं. मात्र ऐन बहरात मोठा कळप नको, आणि पर्यटकांची पावलं तर त्याहून नकोत. भिजलेली माती तुडवून घट्ट झाली की बी रुजत नाही.

खरंच काही करायचं असेल तर नोंदी ठेवा. एक मीटर बाय एक मीटरची चौकट घ्या, कातळावर रंगाचा ठिपका देऊन जागा पक्की करा, जून ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी तिथेच बघा. चौकटीत पाच ठिकाणी मातीची खोली मोजा; साचलेलं पाणी, फुललेल्या जाती, उंच गवताचा वाटा नोंदवा. एका वर्षावरून निष्कर्ष काढू नका, पाऊस दरसाल वेगळा असतो. टोपली कारवी तर सात वर्षांनी फुलते, मधल्या वर्षांत तिला निरुपयोगी झुडूप समजून लोक उपटतात.

रोपं तयार असतीलच तर पठाराखाली ओढ्याकाठी लावा, हातभर माती तिथे आहे. आणि हो, बियांचे गोळेसुद्धा सड्यावर फेकू नका.