एका चाड्यावर चार मुठी

पेरणी यंत्राची पार्ट लिस्ट बिघडवायला अक्कल लागत नाही, असं लोकांना वाटतं. लागते. एकट्याने बिघडवलेली लिस्ट दुसऱ्या दिवशी सापडते आणि बिघडवणाऱ्याचं नावही सापडतं. खरी कला चौघांनी मिळून, एकाच वेळी, प्रत्येकाने आपापलं काम चोख करून ती बिघडवण्यात आहे. वाळूज एमआयडीसीत मी पंधरा वर्षं हेच करतोय, म्हणून हा आगाऊपणा.

आधी मुहूर्त बघा. 7 जूनच्या सुमारास मृग लागतो आणि मशीन त्याआधी जालना, परभणी, हिंगोलीच्या डीलरकडे उभं पाहिजे. तेव्हा बदल सुचायला एप्रिल-मे उत्तम. याच दोन महिन्यांत डिझाइनला फ्रेम कमजोर वाटू लागली पाहिजे, खरेदीला स्वस्त बेअरिंग मिळालं पाहिजे आणि सर्व्हिसवाल्याला मागच्या हंगामातली तक्रार आठवली पाहिजे. जानेवारीत कुणी बदल घेऊन आलाच, तर ‘आत्ता काय घाईए राव’ म्हणून त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

नवशिक्यांसाठी एक्सेल पुरे. सकाळी दोघांनी एकच लिस्ट आपापल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, दिवसभर मन लावून काम करायचं आणि संध्याकाळी तीच फाईल त्याच जागी परत टाकायची. जो पाच मिनिटं उशिरा टाकेल त्याचं राज्य. आधीच्याचं दिवसभराचं काम गायब, आणि कुणाला पत्ताही नाही. शेतात शेजाऱ्याने बांध कोरला तर निदान डोळ्यांना दिसतं.

मग कंपनी सॉफ्टवेअर घेते. त्यात ‘चेक-आऊट’ नावाची सोय असते: एकाने लिस्ट उघडली की बाकीच्यांना ती फक्त वाचता येते. अशी लिस्ट शुक्रवारी दुपारी चेक-आऊट करावी आणि परळीला लग्नाला जावं. मे महिना आहे, लग्नं काय कमी आहेत? कुलूप तोडायचा अधिकार पुण्यातल्या अ‍ॅडमिनकडे, आणि तो सोमवारी अकरानंतर फोन उचलतो. तोवर इथले तिघं हात बांधून थोडेच बसणार! ते लिस्टची नक्कल काढतात, नवा नंबर देतात आणि त्यात बदल करतात. स्टोअरला नक्कल जाते, व्हेंडरला अस्सल.

पुढची पायरी म्हणजे सगळ्यांना एकदम बदल करू द्यायचे आणि नंतर सॉफ्टवेअरकडून जुळवून घ्यायचे. इथे मात्र जरा सावकाश वाचा, कारण अशी संधी एक्सेलमध्ये मिळत नाही.

समजा फ्रेमला 16 बोल्ट आहेत. डिझाइनने एक आधारपट्टी वाढवली, तिला दोन बोल्ट; त्याने 16 चे 18 केले. सर्व्हिसवाल्याने ट्रॅक्टरच्या जोडणीपाशी चार वाढवले. त्याने 16 चे 20 केले. सॉफ्टवेअर विचारतं: 18 ठेवू की 20? खरं उत्तर 22, आणि ते स्क्रीनवर नसतंच. दोघांच्याही आधी तिथे 16 होते, एकाने 2 वाढवले, दुसऱ्याने 4, हे दाखवणारी तिसरी खिडकी असते. ती बंद ठेवा, उगीच जागा अडवते. दोघांना फोन लावून ‘कामून वाढवले?’ असं तर मुळीच विचारू नका. 20 निवडा. मोठा आकडा कधी चुकत नाही, असं म्हणा आणि जेवायला जा.

पण हे निदान भांडण तरी दिसतं. त्याहून सुंदर असतं ते न दिसणारं. सर्व्हिसवाल्याने, बोल्ट तुटतात म्हणून, एम10 चा एम12 केला, म्हणजे 10 मिलिमीटर जाडीच्या जागी 12 चा. त्याच आठवड्यात फ्रेमवाल्याने प्लेटची जाडी बदलली, भोकं मात्र 11 मिलिमीटरचीच ठेवली. एम10 ला तेवढीच लागतात. दोन वेगळ्या ओळी, दोन वेगळे बदल. सॉफ्टवेअर हिरवी खूण करून सांगतं, कुठलाही विरोध नाही. एम12 ला 13.5 चं भोक लागतं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. हिरव्या खुणेची प्रिंट काढून फाईलला लावा, ऑडिटला उपयोगी पडते.

ओळींची ओळख पार्ट नंबरवरून न ठेवता अनुक्रमांकावरून ठेवलीत तर आणखी मजा. मध्ये एक वॉशर घुसवला की खालच्या सगळ्या ओळी ‘बदलल्या’ म्हणून लाल होतात, आणि एवढं लाल पाहून माणूस सगळ्यालाच होकार देतो.

सातबाऱ्यावर नाव चढवायला फेरफार घालावा लागतो. नोटीस, हरकतीला 15 दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. असला वेळकाढूपणा आपल्याला परवडत नाही. आपल्या चेंज नोटमध्ये ‘बदलाचं कारण’ असा रकाना असतो, तिथे ‘सुधारणा’ लिहा. ‘कोणत्या मशीन नंबरपासून लागू’ असाही एक असतो, तिथे ‘तात्काळ’. हाच पार्ट पाचफणी आणि सातफणी दोन्ही मशीनला लागतो का, हे एका बटणावर कळतं. ते बटण दाबलं की काम वाढतं.

आमच्या आजीने तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या नरसाळ्यावर, मूठ धरली की आजोबासुद्धा त्यात हात घालत नसत. बी पातळ पडतंय असं वाटलं तर बैल थांबवून बोलायचे. असो, तिफण मागासलेलं अवजार.

आणि कुणी नावं ठेवलीच तर एअरबसचं उदाहरण द्या. 2006 साली त्यांचं ए380 विमान वायरिंगवरून रखडलं. हॅम्बुर्गचे आणि टूलूझचे इंजिनिअर एकाच डिझाइन सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर काम करत होते. तिथे विमान अडतं, आमचं पेरणी यंत्र अडलं तर बिघडलं कुठे?

तेही फार अडत नाही म्हणा. मागच्या मे अखेरीला अकरा फ्रेमी शेडमध्ये उभ्या होत्या आणि एम12 बोल्ट भोकात जाईना. डिझाइन खरेदीकडे बोट दाखवत होतं, खरेदी सर्व्हिसकडे. आमच्या हेल्परने कुणालाच न विचारता हँड ड्रिल घेतलं आणि दोन दिवसांत सगळी भोकं मोठी केली. ‘सर, म्या बोल्ट बघितला अन् भोक बघितलं,’ एवढंच म्हणाला. मशीन मृगाच्या आत गेली. ते 13.5 मात्र कुठल्याच लिस्टमध्ये नाही, ड्रॉइंगमध्ये तर नाहीच.

यंदा त्यातलं एक मशीन दुरुस्तीला परत आलं. डिझाइनवाल्यांनी भोक मोजलं, ड्रॉइंगशी ताडून पाहिलं आणि दचकले. आता भोक परत 11 करायची चेंज नोट तयार आहे, कारण ‘सुधारणा’. माझ्या सहीसाठी ती उद्या येणार आहे. मी आज दुपारीच लिस्ट चेक-आऊट करून ठेवली. उद्या परळीला लग्न आहे.