दोष शाईचाच कसा?

इंकजेट प्रिंटरवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय, पाणी लागल्यावर प्रिंट पसरते ती स्वस्त शाईमुळे. अर्धंच खरं आहे हे. वडोदऱ्यात दांडिया बाजारात आमचं छोटं प्रिंटिंगचं दुकान आहे. मागच्या पावसाळ्यात मुंजीच्या पत्रिका साध्या कागदावर काढल्या; एक थेंब पडला आणि 'चि.'सकट बटूचं नाव निळं ओघळ होऊन गेलं. शाईच्या त्याच काडतुसातून (कार्ट्रिजमधून) इंकजेटच्या कोटेड, म्हणजे वरून लेप दिलेल्या, कागदावर काढल्या, तर ओलं बोट फिरवूनही अक्षर हललं नाही.

डाय-शाईतल्या, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या शाईतल्या, रेणूंवर बहुधा सल्फोनेट गट असतात, म्हणजे ऋण भार. कागदाच्या तंतूंतला सेल्युलोजही पाण्यात किंचित ऋणच; सारखे भार एकमेकांना ढकलतात, मग रंगाला धरणार कोण? कोटिंगमध्ये सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाच्या बारीक कणांबरोबर धनभारित पॉलिमर घालतात, तो रंगाला ओढून धरतो. कापड रंगवताना रंग पक्का बसावा म्हणून तुरटी लावायचे ना, कामापुरतं तसंच. (पिगमेंट शाईचं, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचं, गणित वेगळं, तिचे कण वरच बसतात.)

एक मात्र लेखात राहून गेलं. अशा सच्छिद्र कोटिंगमध्ये हवेतला ओझोनही शिरतो आणि रंग उडवतो. आमच्या गल्ल्यामागचा, अशाच कागदावर छापलेला गणपतीचा उघडा फोटो वर्षभरात फिका पडला, काचेतला अजून तसाच आहे.