एकीला झोप लागते, दुसरीला लागत नाही

२०२५ च्या जुलैत आयर्लंडमधल्या गॉलवेला ड्रुइडची दोन नाटकं एकाच संध्याकाळी बघितली, आयरिश नाटककार जे. एम. सिंगचं 'रायडर्स टू द सी' आणि शेक्सपिअरचं 'मॅकबेथ', आणि अजून डोक्यातून जात नाहीयेत म्हणून लिहितेय. ड्रुइड ही नाटक कंपनी १९७५ साली गॅरी हाइन्स, मारी मलन आणि मिक लॅली यांनी काढली, म्हणजे तेव्हा पन्नास वर्षं झाली होती. दिग्दर्शन आजही गॅरी हाइन्सचंच. आणि दोन्हीकडे बाई एकच, 'रायडर्स'मधली आई मॉर्या पण मारी मलन आणि लेडी मॅकबेथ पण मारी मलन!

बाई सत्तरी ओलांडलेल्या, मॅकबेथ झालेला मार्टी रे कितीतरी लहान. ज्याला सांगावं तो हेच विचारतो, लेडी मॅकबेथ एवढी म्हातारी कशी चालेल? अहो, मला तर ती म्हातारी आहे म्हणूनच पटली. तरुण बाईला वाटू शकतं आज नाही तर उद्या राज्य मिळेल, हिच्याकडे उद्या उरलाच नाहीये, म्हणून ती घाई. शिवाय ती एका ठिकाणी म्हणते की मी बाळाला दूध पाजलंय, पण ते बाळ अख्ख्या नाटकात कुठेच नाही. कॉलेजात शिरवाडकरांचं 'मॅकबेथ'वर बेतलेलं 'राजमुकुट' वाचल्यावर मूळ 'मॅकबेथ' शोधून वाचलं तेव्हापासून मला हे खटकत होतं. त्या रात्री याच बाईला सहा मुलगे गमावलेली आई म्हणून बघितलं आणि मग ते बाळ कुठे गेलं हे विचारावंसंच वाटलं नाही.

'रायडर्स' १९०४ साली डब्लिनला पहिल्यांदा झालं, जेमतेम अर्ध्या तासाचं, त्यामुळे लोक त्याला मॅकबेथच्या आधीचं तोंडी लावणं समजतात, ते मला अजिबात मान्य नाही. अ‍ॅरन बेटावरचं घर, सासरा, नवरा, मुलगे सगळे समुद्राने नेलेले. बुडालेल्या मायकेलचा मोजा बहीण ओळखते ती टाक्यांवरून, साठ टाके घातले होते त्यातले चार सुटले होते, ते मोजून! शवपेटीसाठी पांढऱ्या फळ्या आणून ठेवल्यात पण खिळे आणायचे राहिले, इतक्या शवपेट्या बघितलेल्या आईला खिळ्यांचं सुचलं नाही. माझं माहेर देवगडचं, होडी परत आली नाही की किनाऱ्यावर बसून राहिलेल्या बायका मी लहानपणी बघितल्यात, बोलत नसायच्या, नुसत्या बसलेल्या. मारी मलन तशा बसल्या होत्या.

शेवटचा मुलगा बार्टलीही जातो आणि मॉर्या म्हणते की आता समुद्र माझं काही बिघडवू शकत नाही, नोव्हेंबरनंतरच्या लांब रात्रींत मला शांत झोप लागेल. आणि इकडे झोपलेल्या राजाला मारून मॅकबेथने झोपेचाच खून केलाय, राणी झोपेत चालत हात धुतेय. मॉर्याने काही केलेलं नाही, तिचं सगळं गेलंय, तिला झोप मिळते. पाण्याचंही तसंच, ही थोडंसं मंतरलेलं पाणी बार्टलीच्या अंगावर शिंपडते, कप रिकामा झाला की पालथा घालून ठेवते, बस, आणि लेडी मॅकबेथ म्हणालेली असते की थोड्या पाण्याने हात साफ होतील, ते होतच नाहीत. एकाच बाईचे तेच दोन हात होते हो ते, सुरकुतलेले.

ही दोन नाटकं शेजारी ठेवायची कल्पना ज्याची असेल त्याला माझा नमस्कार. नंतर डब्लिनला गेइटी थिएटरमध्ये प्रयोग लागले तेव्हा मी परत तिकीट काढलं.